मुलांचे मन आणि सरकारी दप्तर



एका शिक्षकाच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेसाठी आपण मला पाचारण केलेत आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपवलीत, तेव्हा मुलांच्या व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे संशोधन आणि त्यासंबंधीचे राज्याचे धोरण हा विषय मी जाणूनबुजून घेतला. या विषयावर मुंबई-पुण्यात आणि दिल्ली-बंगळुरात पुष्कळ बोलले जाते, परिषदा भरतात, अहवाल छापले जातात. परंतु जेथे ते धोरण अखेरीस उतरायचे असते त्या देगलूरसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू या चारही भाषा एकाच बाजारपेठेत कानी पडतात आणि जेथून जिल्ह्याचे ठिकाण ऐंशी किलोमीटरांच्या आसपास दूर आहे, तेथे त्याची वार्ता क्वचितच पोहोचते. माझे म्हणणे एकच आहे. मुलांच्या मनाविषयीचे जे ज्ञान आपल्याच देशात, आपल्यासारख्याच खेड्यापाड्यांत, मोठ्या परिश्रमाने मिळवले गेले ते एक वाट दाखवते, आणि आपल्या धोरणाचा हुकूम मात्र दुसऱ्याच वाटेने चालला आहे. या दोहोंतले अंतर मिटवण्याची सुरुवात राजधानीत होईल असे मला वाटत नाही, ती तालुक्यातच व्हावी लागेल.

आरंभ आपल्या प्रांतापासूनच करणे उचित. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे नुकती कोठे निजली होती, अशा वेळी किल्लारी-सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. ज्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदांनी पिढ्यानुपिढ्या उन्हाळ्यात गारवा दिला, तीच घरे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली. अन्नधान्य आले, तंबू आले, पत्र्यांची घरे आली, आणि त्यानंतर एक प्रश्न उरला की ज्यांचे आईबाप गेले त्या मुलांचे काय करायचे. भारतीय जैन संघटनेच्या शांतीलाल मुथ्था यांनी सुमारे १,२०० मुले पुण्याजवळ वाघोलीला नेऊन त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची जबाबदारी उचलली. पन्नालाल सुराणा आणि त्यांच्या राष्ट्र सेवा दलातील सहकाऱ्यांनी नळदुर्गला 'आपलं घर' उभे केले, तेथली मुले आपल्या मुलखातच राहिली. आणि कित्येक मुले कोणत्याच संस्थेत न जाता आजीच्या, मामाच्या किंवा चुलत्याच्या आसऱ्याने वाढली. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना आना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी मुलांसाठी जी पाळणाघरे चालवली, त्यांत त्यांना असे दिसले होते की आईजवळ राहून बॉम्बचे आवाज ऐकलेल्या मुलांपेक्षा, सुरक्षित ठिकाणी परंतु आईवेगळी राहिलेली मुले अधिक खचतात. हा दाखला हाती धरून वाघोली, नळदुर्ग आणि मामाचे घर यांत डावे-उजवे ठरवायला मी धजणार नाही. ज्यांनी ढिगाऱ्याशेजारी उभे राहून तो निर्णय केला त्यांच्यावर आपण तीस वर्षांनी खुर्चीत बसून निवाडा देणे अन्यायाचे होईल. मला त्या दाखल्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की संकटात सापडलेल्या मुलाला छप्पर आणि अन्न यांच्या बरोबरीने एक ओळखीचे, रोज दिसणारे, आपल्याला नावाने हाक मारणारे माणूस लागते.

किल्लारीने शासनालाही एक धडा दिला होता. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेची स्थापना १९९१ ची. भूकंपानंतर तिचे संचालक डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली बाधित गावांत मानसिक आरोग्याचे काम झाले आणि त्याचा अभ्यासही झाला. (नट म्हणून आपण त्यांना ओळखता, बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीचे, म्हणजे मुलांच्या बाजूने मोठ्यांच्या जगाकडे पाहणाऱ्या नाटकांचे रोप मराठीत लावणारेही तेच, आणि या दोन उद्योगांचा परस्परसंबंध मला फार जवळचा वाटतो.) भूकंपातून वाचलेल्यांची जी प्रारंभिक पाहणी १९९६ मध्ये अमेरिकेच्या मनोविकारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तिच्यात तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत मानसिक विकाराची लक्षणे आढळली होती. घर पडले की पंचनामा होतो. मन खचले तर त्याचा पंचनामा करणारा कोणीही तलाठी नसतो, हे त्या वेळी या प्रांताला प्रथमच इतक्या उघडपणे दिसले.

त्यानंतर काय झाले? देशाच्या पातळीवर मोजणी झाली. बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, बारा राज्ये निवडली, आणि तेरा ते सतरा या वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के असल्याचे सांगितले. त्या बारा राज्यांत शेजारचे गुजरात होते, मध्य प्रदेश होता, छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हता. किल्लारीचा धडा ज्या राज्याने गिरवला त्याच राज्यातील मुले देशाच्या त्या दप्तरात रुजू झालेली नाहीत, आणि नांदेड जिल्ह्याविषयी कोणी आकडा विचारला तर पंजाब, केरळ, आसाम यांच्या सरासरीवरून तर्क लढवावा लागतो.

आकड्यांविषयी थोडे सविस्तर बोलणे अवश्य आहे, कारण धोरण आकड्यांवर चालते आणि आकडा प्रश्नावर चालतो. बंगळुरूच्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण १२.५ टक्के निघाले. गोव्यात बारा ते सोळा वर्षांच्या २,०४८ मुलामुलींची पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला, तो १.८१ टक्के. एक आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ सातपट! कोणीही सामान्य बुद्धीचा मनुष्य विचारील की यांतला खरा कोणता. दोन्ही खरे आहेत. बंगळुरूच्या मोजणीत लहान मुले होती. अंथरूण ओले होणे, तोतरेपणा, विशिष्ट गोष्टींची भीती हीही तीत धरली होती. गोव्यात केवळ किशोरवयीन होते आणि निदानाची कसोटी वेगळी होती. म्हणून गोव्याच्या त्या अभ्यासात मला आकड्याहून अधिक मोलाचे वाटते ते त्याचे दुसरे अंग: कोणती मुले अधिक त्रासात आढळली? ज्यांना अभ्यास जमत नव्हता, ज्यांना मारहाण वा शिवीगाळ सोसावी लागली होती, ज्यांना आपल्या वस्तीत सुरक्षित वाटत नव्हते, आणि जी तंबाखूकडे वळली होती ती. आणि ज्या मुलांना अडचणीत पहिला आधार घरच्यांचा वाटत होता, त्यांच्यात त्रास कमी आढळला. यांतली एकही गोष्ट केवळ औषधाच्या दुकानात मिळण्याजोगी नाही. त्या सगळ्या घरात, वर्गात आणि गल्लीत आहेत.

आता एक मुलगा आपल्यासमोर उभा करतो. त्याची ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. नांदेडच्या एका बाह्यरुग्ण विभागात, नववीतला, याच भागातल्या एका खेड्यातला हा मुलगा वडिलांबरोबर आला. वडिलांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात रक्ताच्या तपासण्या, दोन सोनोग्राफ्या, त्यांतली एक निजामाबादची; मुलाच्या दंडात काळा गंडा. तक्रार अशी की रोज सकाळी पोटात दुखते. "साहेब, आत गाठ-बिठ हाय का बघा. बाहेरचंबी बघून झालं," वडील म्हणाले. त्यांना जरा बाहेर बसवले, तेव्हा तो मुलगा बराच वेळ सदऱ्याच्या तुटक्या गुंडीशी चाळा करत राहिला. रविवारीही दुखते का, असे विचारल्यावर त्याने मान हलवली, नाही. सुट्टीत? नाही. मग हळूहळू कळले की आई भांडून माहेरी गेली तिला तीन महिने झाले. सातवीपासून गणित सुटले ते सुटलेच. आणि वर्गात फळ्याजवळ उभे केले की मागची पोरे हसतात. वडील आत आले तेव्हा म्हणाले, "पोरगं तसं चांगलं हाय, नुसतं गप झालंय." त्या माणसाने मजुरीचे कित्येक दिवस बुडवून, कर्ज काढून मुलाला दारोदार नेले होते, त्याच्या प्रेमात तसूभरही उणीव नव्हती. परंतु खासगी दवाखाना, देवऋषी, निजामाबादची तपासणी या सगळ्या दारांत त्या मुलाला रविवारविषयी कोणी विचारले नाही. हा प्रश्न विचारायला मनोविकारतज्ज्ञ लागत नाही, आणि तो लागत असता तरी मिळाला नसता, कारण आपल्या देशात लाख लोकसंख्येमागे पुरता एक मनोविकारतज्ज्ञही नाही, प्रमाण ०.७५ च्या घरात आहे. महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे उभी राहिली. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. भारतातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेने १९३७ सालीच सुरू केले होते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. शेजारच्या कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना शिकवून मानसिक उपचार गावापर्यंत नेण्याचा प्रयोग झाला आणि त्याच नमुन्यावर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरातूनच सुरू झाला. २०१४ च्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्य हे सहा प्रमुख विषयांपैकी एक ठरले, आणि किशोरवयीनांसाठी आपल्या राज्यात 'मैत्री' या गोड नावाची केंद्रे सरकारी रुग्णालयांतून उघडली गेली. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने तर शासकीय उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आणि अल्पवयीनांच्या भरतीवर व विद्युत्-उपचारावर कडक निर्बंध घातले. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसची विनामूल्य सेवा रात्रंदिवस उपलब्ध आहे, आणि येथे बसलेल्या प्रत्येक पालकाने व विद्यार्थ्याने तो क्रमांक आजच लिहून घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. तरतुदी आहेत. परंतु नववीतली मुलगी मैत्री केंद्राची पाटी वाचून एकटी आत जाईल, ही अपेक्षा ज्यांनी धरली त्यांनी तालुक्याच्या दवाखान्याचा व्हरांडा पाहिलेला नसावा. तेथे तिच्या शेजारची काकू रक्तदाब तपासायला बसलेली असते. आणि फोनच्या सेवेलाही घरातला फोन लागतो, तो बहुधा वडिलांच्या खिशात असतो.

म्हणून मुले जेथे रोज असतात तेथे, म्हणजे शाळेत, ही व्यवस्था असावी हे धोरणकर्त्यांनीही ओळखले. प्रमाद घडला तो पुढच्या पायरीवर. २०२० च्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमाने प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमले आणि भावनिक आरोग्याचा विषय त्यांच्या स्वाधीन केला. ज्या शिक्षकाला पोषण आहाराचा हिशोब ठेवायचा, यू-डायसची माहिती भरायची, आधार जुळवायचे, मतदारयाद्यांसाठी घरोघर फिरायचे आणि एवढे करून उरलेल्या वेळात दोन इयत्ता एकत्र शिकवायच्या, त्याच्याच शिरावर हा नवा खलिता आला.

हे चालेल का, याची परीक्षा आपल्या देशात शास्त्रशुद्ध रीतीने झालेली आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात, म्हणजे साधनसंपत्तीत मराठवाड्याहून वरचढ नसलेल्या मुलखात, गोव्याच्या संगाथ या संस्थेच्या संशोधकांनी 'सेहर' नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. सत्तरांहून अधिक माध्यमिक शाळा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागल्या. एका गटात मानसशास्त्राची पदवी नसलेला पण प्रशिक्षण दिलेला एक कार्यकर्ता 'सेहर मित्र' म्हणून शाळेत बसवला. दुसऱ्या गटात तेच प्रशिक्षण, तोच कार्यक्रम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे दिला. तिसऱ्या गटात नेहमीचा अभ्यासक्रम. कार्यक्रम अगदी साधा होता: विद्यार्थ्यांची भित्तिपत्रके, स्पर्धा, मुले-शिक्षक-पालकांची समिती, मनातली गोष्ट नाव न घालता लिहून टाकायची एक पेटी, आणि ज्याला बोलावेसे वाटेल त्याला बोलायला एक माणूस. ज्या शाळांत तो मित्र होता तेथे शाळेचे वातावरण सुधारले, मुलांतली उदासी घटली, दांडगाई आणि मारहाण घटली. दुसऱ्या वर्षी हा लाभ आणखी वाढला. ज्या शाळांत शिक्षकाकडेच हे काम होते तेथे हा कार्यक्रम नसलेल्या शाळांहून वेगळे काही घडले नाही.

हा निष्कर्ष मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. त्यातून शिक्षकाची निंदा काढणे हा घोर अन्याय होईल. ज्याच्या हातात गुण आहेत, ज्याला शिस्त राखायची आहे आणि ज्याला तास संपताच दुसऱ्या वर्गावर धावायचे आहे, त्याच्यापाशी मुलाने आपले गुपित उघड करावे ही अपेक्षाच मुळात अनैसर्गिक. आणि तरीही कित्येक शिक्षक ती पुरी करतात, हे त्यांचे वैयक्तिक मोठेपण. राज्याने आपले धोरण व्यक्तीच्या मोठेपणावर रचू नये. या प्रयोगांचा महिमा फुगवून सांगण्याचीही माझी इच्छा नाही: दिल्लीच्या शाळांत चित्रकथांच्या पुस्तिका देऊन, प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या मदतीने मुलांना आपल्या अडचणी सोडवायला शिकवण्याचा जो प्रयोग पुढे झाला, त्यात मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा जाच कमी झाला, पण लक्षणांच्या मोजपट्टीवर मोठा फरक दिसला नाही. लाभ माफक आहे. परंतु तो एका माणसाच्या उपस्थितीशी जोडलेला आहे, आणि नेमके ते माणूस आपल्या धोरणातून गळले आहे.

या भागातल्या पालकांशी आणखी एक गोष्ट बोलणे मला भाग आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी 'लातूर पॅटर्न' घडवला, गुणवत्ता यादीत मराठवाड्याची नावे झळकवली, मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या प्रांताला मान ताठ करायला शिकवले. त्या यशाचा मला सार्थ अभिमान आहे. आज दहावी होताच देगलूर, बिलोली, मुखेडची मुले नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरात किंवा लातूरच्या क्लासेसच्या वस्तीत खोली करून राहतात. खोलीत तिघे, मेसचा डबा, दर रविवारी परीक्षा, आणि निकालाचा क्रमांक थेट वडिलांच्या मोबाइलवर. पहिल्या महिन्यात ज्याला करमत नाही तो घरी तसे सांगत नाही, कारण त्याच्या फीसाठी गावाकडे एकरभर जमीन गहाण पडल्याचे त्याला ठाऊक असते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांना आपल्या चिंतेचे कारण म्हटले होते. त्याच वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्येत आपला जीव गमावला आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. विशाखापट्टणममधल्या अशाच एका परीक्षार्थी मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी मार्गदर्शक आदेश दिले, ते शाळांनाही लागू आहेत आणि क्लासेसनाही: शंभर वा अधिक विद्यार्थी असतील तेथे किमान एक पात्र समुपदेशक असलाच पाहिजे. आपण मुलाला क्लासला घालता तेव्हा निकालाची टक्केवारी विचारता. समुपदेशक कोण, तो कोठे बसतो आणि मुलाला त्याच्याकडे क्लासच्या मालकाला न कळता जाता येते का, हे विचारण्याला आता न्यायालयाच्या आदेशाचा आधार आहे. आणि मुलींच्या बाबतीत तर क्लासचा प्रश्न येण्याआधीच मुदत संपते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. नववीत अकस्मात गप झालेली मुलगी पुष्कळदा घरात चाललेल्या लग्नाच्या बोलण्यांची पहिली साक्षीदार असते.

मग करायचे काय? जिल्हा परिषदेने आणि खासगी संस्थांच्या चालकांनी मिळून या तालुक्यातील माध्यमिक शाळांसाठी शाळामित्राची पदे निर्माण करावीत. दोन-तीन शाळांना मिळून एक असला तरी आरंभाला चालेल. त्या पदावर याच मुलखातला पदवीधर तरुण वा तरुणी असावी, तिला मराठीबरोबर तेलुगू, उर्दू किंवा गोरमाटीपैकी एखादी भाषा यावी, म्हणजे तांड्यावरची मुलगी आपल्या आईच्या बोलीत तिच्याशी बोलू शकेल. तिच्याकडे मतदारयादी देऊ नये, खिचडीचा हिशोब देऊ नये, गुण देण्याचा अधिकार तर मुळीच देऊ नये. तिच्यामागे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील तज्ज्ञाने महिन्यातून ठरल्या दिवशी देगलूरला यावे, अवघड वाटलेली मुले पाहावीत आणि तिला शिकवावे. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास पोक्सो कायद्याप्रमाणे कोणाला कळवायचे, जीव देण्याची भाषा ऐकल्यास मुलाला एकटे न सोडता कोठे न्यायचे, हे तिला लेखी सांगितलेले असावे. त्याच वेळी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या मानसशास्त्र आणि समाजकार्याच्या विभागांनी नववीच्या मुलांची पाहणी हाती घ्यावी. पदे भरण्यापूर्वी एकदा आणि दोन वर्षांनी पुन्हा. ती मुलांच्या घरच्या भाषेत व्हावी आणि तिच्यात मुलांनाही विचारावे की तुम्हांला शाळेत कोणाशी बोलावेसे वाटते. खर्चाचा आक्षेप येईल हे मी जाणतो. जिल्हा वार्षिक योजनेत आरोग्य आणि शिक्षण या दोन्ही शीर्षांखाली दरवर्षी निधी येतो आणि मार्च अखेरीस तो खर्ची घालण्याची धावपळ आपण सर्वांनी पाहिली आहे; त्यातून एका तालुक्यातील अशा दहा-बारा जणांचे मानधन काढणे हा पैशाचा प्रश्न नसून प्राधान्याचा आहे. जिल्हा नियोजन समितीपुढे जाणारी ही मागणी शाळा व्यवस्थापन समित्यांच्या ठरावांनिशी गेली पाहिजे, आणि ते ठराव येत्या जूनमध्ये शाळा उघडताच होणाऱ्या पहिल्या बैठकीत मांडता येतील.